नऊ जण, एक टेबल: लेबनीज रेस्तराँमध्ये काय, किती आणि कधी मागवायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दुबईत नोकरीला असलेले तुम्ही नऊ मित्रमैत्रिणी. त्यांतले चौघं शाकाहारी आणि त्या चौघांतली एक जैन. मागच्या वेळी लेबनीज रेस्तराँमध्ये गेलात, मेनू फिरवला आणि ज्याने त्याने आपापली डिश सांगितली. सगळं एकदम टेबलावर आलं. हमस, म्हणजे वाटलेले काबुली चणे, आणि रोटी यांवरच पोटं भरली, कबाब गार होऊन तसेच राहिले. बिलाचे नऊ सारखे वाटे केले तेव्हा शाकाहारी मंडळींचे चेहरे उतरले. आता पुन्हा जायचं ठरतंय, तर नेमकं काय मागवावं, असं तुम्ही विचारलंय.

मी दुबईतच लेबनीज रेस्तराँमध्ये वेटर म्हणून लागलो, पुढे कॅप्टन झालो, आता पूर्ण फ्लोअर माझ्याकडे असतो. तुमच्यासारखी टेबलं आमच्याकडे दर वीकएंडला येतात, म्हणून सांगतो: तुम्ही मागवलेले पदार्थ बहुतेक ठीकच होते. बिघडलं ते सगळं एका दमात मागवल्यामुळे. त्यामुळे यादीच्या आधी क्रमाबद्दल बोलू.

आपल्याकडच्या हॉटेलात स्टार्टर येतं, मग भाजी-रोटी, मग भात, आणि बरंचसं ज्याच्या त्याच्या ताटात जातं. लेबनीज जेवणात सगळं टेबलाच्या मध्यभागी येतं आणि टप्प्याटप्प्याने येतं. आधी थंड मेझे, म्हणजे वाटून खायच्या छोट्या ताटल्या, मग गरम मेझे, त्यानंतर कोळशावरचे कबाब, म्हणजे मशावी, आणि शेवटी फळं, गोड, कॉफी. ही पद्धत तिथल्या रविवारच्या लांबलचक जेवणांतून आलेली आहे. लेबनॉनच्या बेका खोऱ्यात झाहले नावाचं गाव आहे, 2013 पासून युनेस्कोच्या पाककलेच्या शहरांच्या यादीत त्याचं नाव आहे. तिथे बर्दौनी नदीच्या काठाने रेस्तराँची रांगच आहे. दुपारी बसलेलं टेबल संध्याकाळपर्यंत उठत नाही. छोट्या छोट्या ताटल्या येत राहतात, लोक बोलत बोलत टिपत राहतात, आणि मांसाचा विषय निघतो तो बऱ्याच उशिरा. तुम्ही दुबईत दोन-अडीच तास बसणार असाल तरी क्रम हाच ठेवा.

आता जागेवर काय अवलंबून आहे ते. शवर्मा, फलाफल (चण्यांचे तळलेले वडे), मनाकीश (वर मसाला किंवा चीज घालून भाजलेली रोटी) विकणारी छोटी दुकानं वेगळी, तिथे माझं पुढचं सांगणं लागू नाही. जे मोठे हॉटेलातले, गाणारा कलाकार असलेले रेस्तराँ आहेत, तिथे वीकएंडच्या रात्री बऱ्याचदा माणशी ठरलेल्या दराचा सेट मेनूच घ्यावा लागतो आणि तुमच्या हातात फारसं काही राहत नाही. मी धरून चालतोय की तुम्ही देरामधल्या अल रिग्गावर किंवा जुन्या दियाफा रोडवर, म्हणजे आताच्या सेकंड डिसेंबर स्ट्रीटवर असतात तशा, कुटुंबं येतात अशा मधल्या दर्जाच्या ठिकाणी जाणार आहात. शिवाय तुमच्यातले खाणारे किती दमाचे आहेत हे मला माहीत नाही, म्हणून खालचे आकडे साधारण धरा.

पहिली गोष्ट: ऑर्डर एकानेच द्यायची. बाकीच्यांनी आवडीनिवडी त्याला आधी सांगाव्यात. नऊ जण नऊ बाजूंनी बोलले की कॅप्टन सगळं लिहून घेतो आणि सगळं एकाच केओटीवर, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठीवर, किचनला जातं. मग किचन जे आधी तयार होईल ते पाठवतं. कॅप्टनला एकच वाक्य सांगा: "आत्ता फक्त थंड मेझे आणि सॅलड लाव, गरम आम्ही सांगू तेव्हा, आणि मशावीची ऑर्डर नंतर देतो." याला कुणी नाही म्हणत नाही. उलट असं सांगणारं टेबल आम्हाला आवडतं, कारण पदार्थ ज्या क्षणी खायला हवा त्या क्षणी तो खाल्ला जाणार याची खात्री असते.

थंड मेझे नऊ जणांना सहा ते सात ताटल्या पुरतात. हमसची एक ताटली तीन-चार जणांची, म्हणून दोन हमस, दोन टोकांना एकेक. एक मुतब्बल, म्हणजे भाजलेलं वांगं, ताहिनी (तिळाची पेस्ट) आणि लिंबू. एक लबने, आपल्या चक्क्याला मीठ लावून वर ऑलिव्ह तेल सोडावं तशी ती लागते. एक तब्बूले, एक फत्तूश, म्हणजे रोटीचे कुरकुरीत तुकडे घातलेली सॅलड, आणि द्राक्षाच्या पानांत भात भरून तेलात शिजवलेले वरक एनब. कुणाला अक्रोड आणि लाल मिरचीची मुहम्मरा आवडत असेल तर मुतब्बलऐवजी ती घ्या, दोन्ही नकोत. बाबा गनूज आणि मुतब्बल दोन्ही मागवू नका, कारण दोन्ही वांग्याचेच. लेबनॉनमध्ये बाबा गनूजमध्ये सहसा ताहिनी नसते, टोमॅटो, पार्सली, डाळिंबाचा आटवलेला रस असतो, तरी टेबलावर एक वांगं पुरे.

इथे जरा थांबतो, कारण रेस्तराँ चांगलं की नाही हे या पहिल्या फेरीतच कळतं. तब्बूले बघा. ती मूळची पार्सलीची सॅलड आहे. त्यात बारीक दलिया अगदी थोडा, बाकी पुदिना, टोमॅटो, पातीचा कांदा, लिंबू, तेल. पार्सली धुऊन पूर्ण कोरडी करावी लागते आणि धारदार सुरीने एकदाच कापावी लागते. मशीनमध्ये फिरवली किंवा सुरी बोथट असली की पानं ठेचली जातात, काळपट पडतात आणि पाणी सोडतात. ताटलीच्या तळाशी हिरवं पाणी साचलेलं दिसलं, की ती कधीतरी दुपारी कालवून ठेवलेली आहे. हमसचंही तसंच. चमच्याने केलेल्या खोलगट कड्यात तेल चमकत असावं आणि हमस मऊ, जवळजवळ खोलीच्या तापमानाचा असावा. वर सुकलेली साय धरलेली असेल, कडेला भेगा असतील, तर तो ताटलीत काढून बराच वेळ फ्रीजमध्ये ठेवलेला आहे. बदलून मागायला संकोच करू नका. आम्ही बदलून देतो, आणि किचनलाही कळतं की हे टेबल लक्ष देऊन खातंय.

रोटी हा तुमच्या मागच्या जेवणाचा खरा गुन्हेगार. भट्टीतून फुगून आलेली गरम खुब्झ समोर आली की हात थांबत नाही, आणि ती संपली की वेटर न सांगता दुसरी टोपली ठेवतो. सांगून ठेवा की टोपली लहान आणा, पण गरम आणा. लहान तुकडा तोडायचा, दुमडायचा, हमस उचलायचा. तब्बूलेला रोटी लागतच नाही, ती लेट्यूसच्या किंवा कोबीच्या पानात घेऊन खातात. पानं टेबलावर असतातच. सुरुवातीला ठेवलेली कच्च्या भाज्यांची टोपली, ऑलिव्ह, बीटाने गुलाबी झालेलं सलगमचं लोणचं, हे सगळं मधूनमधून तोंड स्वच्छ करण्यासाठी आहे. बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे नसतात, पण काही ठिकाणी असतात. बसल्या बसल्या विचारून घ्या.

अर्धं थंड संपत आलं की गरम मेझे सांगा. इथे सर्वांत जास्त वाद होतो तो नगांवरून. किब्बे (खिमा-दलियाचे तळलेले गोळे), सांबूसेक (छोटे समोसे), रकाकात (चीजचे तळलेले रोल) यांच्या ताटलीत चार ते सहा नग येतात. नऊ जणांत एक ताटली किब्बे आली की कुणीतरी संकोचाने हात मागे घेतो. म्हणून कॅप्टनला सरळ विचारा, "ताटलीत किती पीस?" आणि खाणाऱ्यांच्या संख्येला पुरतील इतके सांगा. बरीच किचन एक-दोन नग वाढवून देतात, त्याचे पैसे लावतात. तुमच्या मांसाहारी पाच जणांना एक किब्बे आणि एक मकानेक, म्हणजे छोटे सॉसेज, किंवा डाळिंबाच्या रसातली चिकन लिव्हर पुरेल. सगळ्यांसाठी चीजचे रकाकात, बताता हर्रा, म्हणजे तिखट बटाटे, आणि फलाफल. कच्च्या मटणाची किब्बे नय्ये मेनूवर दिसेल. उत्तम ठिकाणी ती उत्तम असते, पण पहिल्या-दुसऱ्या भेटीला घेऊ नका, आणि तुमच्यात कुणी गरोदर असेल तर तिने ती अजिबात खाऊ नये.

शाकाहारींचं आता नीट सांगतो, कारण त्यांच्यावर अन्याय होतो तो माहितीअभावी. लेबनीज मेनूत शाकाहार भरपूर आहे. तिथले ख्रिस्ती लोक ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या काळात मांस, दूध, अंडी टाळतात, आणि त्यासाठी तेलात शिजवलेल्या भाज्यांचा एक मोठा परिवारच तयार झाला आहे. त्यांना सियामी पदार्थ म्हणतात. टोमॅटोतल्या फरसबीची लुबिये, वांगं आणि काबुली चण्यांची मग्मूर, मसूर-तांदळाची वर तळलेला कांदा घातलेली मुजद्दरा, भोपळ्याची किब्बे. हे पदार्थ मेनूच्या कोपऱ्यात असतात किंवा फक्त 'आजचे पदार्थ' म्हणून मिळतात. "सियामी काय आहे?" एवढं विचारलं तर जुना लेबनीज शेफ खूश होतो आणि मेनूत नसलेलंही सांगतो. या चौघांना हमस-फलाफलवर भागवू नका. मांसाहारींचे कबाब येतील तेव्हा त्यांच्यासमोरही काहीतरी गरम आणि भरभक्कम यायला हवं: एक मुजद्दरा आणि एक फत्ते. फत्ते म्हणजे तळलेल्या रोटीच्या तुकड्यांवर काबुली चणे, दही, वरून तुपात परतलेले चिलगोजे. ती आली की लगेच खायची, पाच मिनिटांत रोटी मऊ पडते.

पण काही गोष्टी विचारल्याशिवाय घेऊ नका. मसुराचं सूप बऱ्याच किचनमध्ये चिकनच्या स्टॉकमध्ये होतं. शेवया घातलेला भातही तसाच. वरक एनब तेलातले थंड आले तर शाकाहारी, गरम आले तर बहुधा आत खिमा असतो. फलाफल आणि मटणाची किब्बे एकाच तेलात तळलेली असू शकतात. हलूमी चीज त्याच जाळीवर भाजतात जिथे कबाब भाजतात, हवं तर तव्यावर करून मागा. आणि लसणाचं पांढरं तूम, जे सगळ्यांना आवडतं, त्यात मुळात लसूण, तेल, लिंबू, मीठ एवढंच, पण काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग घालतात. "व्हेज आहे का?" असं विचारलंत तर घाईतला वेटर "यस सर" म्हणून मोकळा होतो. "यात चिकन स्टॉक आहे का? अंडं आहे का?" असं विचारा, मग तो किचनला विचारून येतो.

जैन मैत्रिणीसाठी मेनू खरोखरच लहान आहे, आणि हे आधीच स्पष्ट असलेलं बरं. मुतब्बल वांग्यामुळे गेली, फलाफल, मुजद्दरा, वरक एनब कांद्यामुळे, बताता हर्रा बटाट्यामुळे. हमसमध्ये काही किचन लसूण घालतच नाहीत, काही घालतात. आणि तो सकाळी मोठ्या प्रमाणात वाटलेला असतो, त्यामुळे वेगळा करून मिळत नाही. तिच्यासाठी चालणारं: साधी लबने (लसणाची वेगळी मिळते, ती नको), झातर मसाल्याची मनाकीश, ऑलिव्ह, काकडी-टोमॅटो. कांद्याशिवायची तब्बूले मिळू शकते, पण ती ताजी कापतात अशा ठिकाणी आणि लवकर गेलात तरच. फत्तूशमध्ये मुळा असतो आणि ड्रेसिंगमध्ये लसूण असू शकतो, म्हणून तिची ताटली मुळा-कांद्याशिवाय, फक्त लिंबू, तेल आणि सुमाक (आंबट लाल पूड) घालून वेगळी मागवा. चीज गोठवायला प्राण्यांचं रेनेट वापरलेलं असू शकतं. तिला ते चालत नसेल तर पाकीट दाखवायला सांगा, चांगलं किचन दाखवतं.

एवढं झाल्यावर टेबलाकडे बघा आणि मगच मशावी सांगा. कोळशावर वीसेक मिनिटं लागतात, तेवढी उसंत पोटालाही मिळते. पाच जणांना, इतके मेझे झाल्यावर, दोन मिक्स ग्रिल पुरतात. त्यात चिकनचे शीश तावूक, पार्सली-कांदा घातलेल्या खिम्याचे कफ्ता आणि मटणाचे तुकडे असतात. काही ठिकाणी किलोवर मिळतं, तिथे एक किलो बस. हे वजन कच्च्या मांसाचं की शिजलेल्या, हे विचारून घ्या, फरक बराच पडतो. कबाबांवर झाकलेली मसाला लावलेली रोटी आणि खालचा सुमाक घातलेला कांदा-पार्सली टाकून देऊ नका. सगळा रस त्यात उतरलेला असतो, माझ्या मते त्या ताटातला तो सर्वांत चवदार भाग आहे. तूम चिकनबरोबर खा. कफ्त्याबरोबर हमस जास्त चांगला लागतो, म्हणून हमसची एक ताटली अर्धी राखून ठेवा. आपल्या मंडळींना तिखट लागतंच, तर शत्ता मागा. वाटीभर लाल मिरचीची चटणी येईल.

बिलाचं बसण्याआधी ठरवा, जेवण झाल्यावर नाही. माझा सल्ला: सगळे शाकाहारी मेझे, पाणी, गोड आणि कॉफी यांचे नऊ वाटे, किब्बे, मकानेक आणि मशावीचे पाच वाटे, ज्यूस किंवा मद्य ज्याचं त्याने द्यावं. कॅप्टनला सुरुवातीलाच सांगितलं तर तो एकाच टेबलावर दोन बिलं चालवतो. शेवटी सांगितलं तर त्याला सगळी ऑर्डर पुन्हा फोडावी लागते आणि गर्दीच्या रात्री तिथेच चुका होतात. जैन मैत्रिणीचा वाटा मी नवाच्या हिशोबातूनही काढेन, तिने तिच्या दोन-तीन ताटल्यांचे द्यावेत. मेनूवरच्या किमतीत 5 टक्के व्हॅट धरलेलाच असतो. हॉटेलातल्या रेस्तराँमध्ये सर्व्हिस चार्ज आणि म्युनिसिपालिटी फीबद्दलची ओळ मेनूच्या तळाशी बारीक अक्षरांत असते, ती वाचा. एखाद्या लेबनीज सहकाऱ्याने बोलावलं असेल तर मात्र वाट्यांचा विषयच काढू नका. बिल तोच देणार. पुढच्या वेळी तुम्ही त्याला बोलवा आणि आत शिरतानाच काउंटरवर कार्ड देऊन ठेवा, नाहीतर तो तुम्हाला देऊ देणार नाही.

पेयांचं थोडक्यात. अरक, म्हणजे बडीशेपेसारख्या चवीचं मद्य, फक्त परवाना असलेल्या ठिकाणी मिळतं. आधी अरक, मग दुप्पट पाणी, बर्फ शेवटी. गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये, इथे त्याबाबत जराही सूट नाही. बाकीच्यांना पुदिना-लिंबू किंवा मिठाचं आयरान, म्हणजे ताक, चांगलं. जल्लाब गोड असतं, ते जेवणाबरोबर घेतलं की भूक मरते.

गोडाला एक कनाफे, म्हणजे चीजची पाकातली मिठाई, चार जणांना पुरते, ती गरमच खा. मुहल्लबिये दुधाची, हलकी, जैन मैत्रिणीलाही चालेल. शेवटी पांढरी कॉफी मागून बघा. त्यात कॉफी नसते, गरम पाण्यात संत्र्याच्या फुलांचा अर्क असतो आणि एवढ्या जेवणानंतर तो फार बरा वाटतो. उरलेलं बांधून मागायला इथे कुणी नाक मुरडत नाही. हमस, मुजद्दरा, कबाब दुसऱ्या दिवशी चांगले लागतात, फत्तूश आणि फत्ते नेऊ नका.

जायचं असेल तर शुक्रवार-शनिवार रात्री नऊनंतर टाळा. लेबनीज कुटुंबं तेव्हाच येतात आणि किचन पूर्ण भरलेलं असतं. साडेसातला बसलात तर कॅप्टनकडे तुमच्यासाठी वेळ असेल. फोन दोन दिवस आधी करा, दुपारी चार ते सहाच्या मधे, आणि मॅनेजरशीच बोला. नऊ जण, चार शाकाहारी, एकीला कांदा, लसूण आणि जमिनीखालचं काही चालत नाही, दोन बिलं हवीत, हे चारही मुद्दे फोनवरच सांगा आणि त्या दिवशी सियामीमध्ये काय असेल तेही तेव्हाच विचारून घ्या. मुजद्दरा रोज होत नाही, पण आधी कळवलं तर शेफ तुमच्यासाठी लावून ठेवतो.